मिक्सर स्टेजपाशी, मी तणसावर

झाडीपट्टीच्या नाटकात साऊंडवाल्याची जागा ठरलेली. स्टेजच्या एका अंगाला, विंगेच्या बाहेर, अॅम्प्लिफायरच्या रॅकला खेटून एक टेबल. त्यावर मिक्सर, टॉर्च, चिकटपट्टीचं रीळ आणि कधीच गार झालेला चहा. समोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि कीपॅड घेऊन बसलेली संगीतमंडळी. तिथून नट तिरका दिसतो आणि बॉक्सची पाठ दिसते, कारण बॉक्सचं तोंड प्रेक्षकांकडे. हजार-दोन हजार माणसांचं ऐकणं ज्याच्या बोटांवर अवलंबून, त्यालाच त्या माणसांपर्यंत काय पोचतंय ते ऐकू येत नाही.

हे मला फार वर्षं डाचत होतं. मी ब्रह्मपुरीकडचा. आधी रेडिओ आणि टीव्हीची दुरुस्ती, मग बिछायत केंद्रवाल्याकडे माईक लावायला, आणि तिथून नाटकाच्या हंगामात. भाऊबीजेच्या सुमारास हंगाम उघडतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे कागदावरचं देसाईगंज, हे या धंद्याचं गाव. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथे, तारखा तिथे ठरतात, आणि तिथून निघालेल्या गाड्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांत पांगतात. आज सिंदेवाहीकडे, उद्या कुरखेड्याकडे, परवा आरमोरीच्या अलीकडे. धान कापून झालेल्या बांधीत मंडप पडतो. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेलं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. जंगलाच्या वाटेने मध्यरात्री घरी जाणं कुणालाच नको असतं, त्यामुळे लोकही पहाटेपर्यंत हलत नाहीत.

दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या जमिनीवर ही रंगभूमी उभी राहिली. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राचं लक्ष थोडं इकडे वळलं. नटांबद्दल लिहून येतं, आणि ते यायलाच हवं. मला लिहायचं आहे ते त्या नटाचं वाक्य शेवटच्या माणसापर्यंत कसं जातं याबद्दल.

स्टेजच्या बाजूला बसून मिक्सिंग केल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो. बॉक्समधून निघणारा जाड आवाज चहूकडे वळतो, बॉक्सच्या मागेही येतो. शब्दांना धार देणारा पातळ आवाज मात्र सरळ समोर जातो. ‘स’, ‘श’, ‘ट’, ‘त’ ही अक्षरं त्या पातळ आवाजात असतात. बाजूला बसलेल्या साऊंडवाल्याला सगळं घुमल्यासारखं ऐकू येतं, म्हणून तो ट्रेबल चढवतो. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक कान झाकतात. मागे वेगळीच गत. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बॉक्सपासून ५ मीटरवर बसलेला आणि ४० मीटरवर बसलेला यांच्यात तीन दुपटी होतात, म्हणजे १८ डेसिबलचा फरक. त्यातून मधली माणसं चादरी, ब्लँकेटं पांघरून दाटीने बसलेली, आणि आवाज त्यांच्या डोक्यांना घासत मागे जातो. संध्याकाळी रिकाम्या बांधीत ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ करून लावलेलं सेटिंग मैदान भरल्यावर लागू पडत नाही.

मग मिक्सरच मागे का नेत नाही? केबलमुळे. स्टेजवर टांगलेले पाच माईक, संगीताचे सहा-आठ, एखादा हातातला. प्रत्येकाची तार मागे न्यायची तर सोळा जोड्यांचा मल्टिकोअर लागतो. चांगला घ्यायचा तर महाग, उचलायला जड, आणि पन्नास मीटरचा तो जाडजूड दोर गर्दीतून न्यायचा. त्यावर लोक बसणार, पोरं अडखळणार, एखादा शेकोटीसाठी लाकडं ओढत नेणार. पहाटे दवाने भिजलेला तो गुंडाळून चारशे सात टेम्पोत टाकायचा आणि पुढच्या गावाला पळायचं. शहरातल्या नाट्यगृहात तो एकदा टाकला की वर्षानुवर्षं पडून राहतो. आमचं नाट्यगृह रोज सकाळी मोडतं.

यातली वाट मला एका जुन्या डिजिटल मिक्सरच्या पाठीमागे सापडली. नागपूरहून कुणाचा तरी वापरलेला मिक्सर आमच्या मालकांनी आणला होता. मागे माईकच्या सॉकेटांच्या ओळीशेजारी नऊ पिनांचं एक छोटं सॉकेट होतं, जुन्या कॉम्प्युटरला असायचं तसं. शेजारी पाच पिनांचं गोल मिडीचं. दोन्हींत धूळ साचलेली. आधीच्या मालकाने ती कधी वापरली असतील असं वाटत नव्हतं. त्या काळातल्या बऱ्याच डिजिटल मिक्सरना अशी सोय असायची; बेहरिंगरच्या डीडीएक्स ३२१६ला तर मिडी आणि आरएस-२३२, म्हणजे ते नऊ पिनांचं, ही दोन्ही तोंडं होती. कल्पना अशी की स्टुडिओतला माणूस कॉम्प्युटरच्या पडद्यावरून मिक्सर चालवील. मला वाटलं, स्टुडिओत या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसायला ही सोय कशाला? ती खरी आमच्या बांधीत हवी.

आवाज स्टेजपाशीच राहू दे. माईक तिथे, मिक्सर तिथे, अॅम्प्लिफायर तिथे, सगळ्या तारा आखूड. मागे फक्त हुकूम न्यायचा: तिसरा चॅनल थोडा वर, पाचवा बंद. हुकमाला जाड केबल लागत नाही. दोन बारीक तारांची एक पिळलेली जोडी पुरते.

कोरोनाच्या काळात कामं थांबली तेव्हा मला या गोष्टीला वेळ मिळाला. मिक्सर घरी पलंगाशेजारी मांडला. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता होता, कोणत्या चॅनलला कोणता क्रमांक आणि कोणत्या बटणाला कोणता, याचा. सगळ्या किमती शून्य ते १२७ मध्ये. हा मिडीचा हिशेब आहे. मिडी १९८३ मध्ये बाजारात आलं. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. आमच्या कीपॅडवाल्याच्या वाद्यामागेही तेच पाच पिनांचं सॉकेट असतं. तो रोज रात्री त्याच्या शेजारी बसतो.

या बोलण्याची रीत साधी आहे. एका तारेवरून एकामागून एक ठोके जातात, आहे किंवा नाही. आठ ठोक्यांचा एक बाइट, आधी सुरुवातीचा एक ठोका, शेवटी थांब्याचा एक, असे दहा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० ठोके, म्हणजे ३,१२५ बाइट. फेडर हलवायचा हुकूम तीन बाइटांचा: काय करायचं, कुणाला करायचं, किती करायचं. एका हुकमाला एक मिलिसेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम एक फूट जातो. तारेवरून हुकूम उशिरा पोचेल ही भीती तिथेच संपली.

हे हुकूम मी नऊ पिनांच्या सॉकेटातून द्यायचे ठरवले. लॅपटॉपला ते सॉकेट आता नसतं, म्हणून यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घेतला. पायथॉनमध्ये सीरियल पोर्टशी बोलायची फुकट लायब्ररी मिळते. दोन्ही बाजूंचा वेग एकच ठेवायचा, पिन दोन आणि तीन उलटसुलट जोडायच्या, कारण एकाचं बोलणं म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं, आणि पाचवी पिन जमिनीची. एवढं जुळलं की मिक्सर उत्तर देतो. आमच्या मिक्सरचे फेडर मोटारीचे होते. मी एक आकडा पाठवला आणि पलंगाशेजारी चौथा फेडर सरसर वर गेला. तो आवाज, मोटारीची ती बारीक घरघर, मला अजून आवडते.

घरात चाललेलं बांधीत चालेलच असं नाही. आरएस-२३२ ही पद्धत १९६० सालची, यंत्रं एकमेकांशेजारी असण्याच्या हिशेबाने केलेली. एका तारेवर जमिनीच्या तुलनेत उणे किंवा अधिक व्होल्टेज, आणि त्यावरून एक की शून्य ते ठरवायचं. अंतराची मर्यादा साधारण १५ मीटर धरतात. मला पन्नास हवे होते. शिवाय ‘जमिनीच्या तुलनेत’ हे शब्द आमच्याकडे धोक्याचे. मिक्सरची जमीन जनरेटरकडून येते, मागे ठेवलेल्या लॅपटॉपच्या चार्जरची दुसऱ्या वायरीवरून. दोन जमिनींत फरक पडला की तो फरक तारेतून वाहतो आणि बॉक्समध्ये हमिंग होऊन निघतो. पन्नास हर्ट्झचा तो ‘हूंऽऽ’ एकदा लागला की नायिकेचं हळू बोललेलं वाक्य त्यात बुडतं.

अर्थिंगबद्दल आणखी थोडं. हंगामाच्या सुरुवातीला बांधीत ओल असते. सळई दोन हात ठोकली की काम भागतं. माघ-फाल्गुनात तीच जमीन भेगाळते, सळईभोवती पोकळी होते आणि अर्थिंग नावालाच उरतं. मग सळईच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतायचं, नाटक सुरू व्हायच्या आधी आणि मध्यरात्री पुन्हा एकदा. नव्या पोरांना मी हे काम सगळ्यात आधी शिकवतो.

अंतर आणि हमिंग, दोन्हींवर उपाय एकच निघाला. दोन्ही टोकांना आरएस-४८५चे कन्व्हर्टर लावले, तेही विलग केलेले, म्हणजे आतून दोन्ही बाजूंत विजेचा थेट संबंध नसलेले. या पद्धतीत एका तारेवर जे जातं त्याच्या उलट दुसऱ्या तारेवर जातं, आणि घेणारा फक्त दोघांतला फरक बघतो. लाइटच्या डिमरचा कचरा, जनरेटरचा कचरा, जो काही तारेवर चढेल तो दोन्हींवर सारखाच चढतो आणि फरकात उरत नाही. कारखान्यांत हीच पद्धत हजार मीटरपेक्षा लांब वापरतात. मला कॉम्प्युटरच्या नेटवर्कची साधी केबल पुरली, दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर जोडून. मंडपाच्या कडेने, धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, धरून बोटभर खोल चर काढून ती पुरायची. वरून तणस. सकाळी ओढली की माती झाडत निघून येते.

पहिल्यांदा हे नाटकात लावलं ती जागा आरमोरी तालुक्यातली. मिक्सर नेहमीच्या टेबलावर ठेवला, त्याच्याजवळ एका पोराला बसवलं आणि मी लॅपटॉप घेऊन मागे, जमिनीच्या तिकिटात, तणसावर जाऊन बसलो. नांदी संपून पहिला प्रवेश लागला. मी माईक बदलले तसे फेडर आपले आपण हलले. ऑर्गनवर बसलेले मास्तर वयाने मोठे, पन्नासेक वर्षं ऑर्गन वाजवलेले. ते वाजवता वाजवता मान वळवून बघत राहिले. मध्यंतरात माझ्याकडे आले. “बाबू, हे तं आपोआपच सरकून रायलं ना! कोणाचा हात नाई, काई नाई.” मी म्हटलं, “मास्तर, हात माझाच आहे, फक्त मी तिथं बसलोय.” त्यांनी मागच्या अंधारात, तणसाकडे बघितलं. म्हणाले, “तठी बसल्यावर माहा ऑर्गन आयकू येते का?” मी खरं ते सांगितलं: तबल्याखाली दबतो. दुसऱ्या अंकात तो दबला नाही.

मागे बसल्यावर मला पहिल्याच रात्री जे कळलं ते आधीच्या कितीतरी हंगामांत कळलं नव्हतं. माझ्या शेजारी एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाणं संपलं, नायक-नायिकेचा गंभीर प्रवेश सुरू झाला, आणि त्या शेजारणीला विचारायला लागल्या, काय म्हणाला तो. मी विचारलं, “आजी, ऐकू येत नाही का?” “गाणं लय मोठं आयकू येते बाबू. बोलणं काईच समजत नाई.” त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. मी संगीताचे चॅनल उतरवले, मधल्या माईकचा जाडपणा कापला, अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडं चढवलं. “आता?” “हव, आता येते.” पुढच्या प्रवेशात त्यांनी शेजारणीला काही विचारलं नाही. त्या रडल्या तेव्हा त्यांच्या सोबतीने सगळी ओळ रडली, नायिकेच्या त्याच वाक्यावर. आधी पुढच्या खुर्च्यांवर हुंदका यायचा आणि मागे लोक नुसते बघत राहायचे.

जमिनीच्या तिकिटातली माणसं कोण असतात? दिवसभर धानाचे भारे बांधलेल्या बाया, मजूर, म्हातारी माणसं, पोरंसोरं. आठ-दहा किलोमीटरवरून आलेली. तिकीट कमी, म्हणून ऐकू कमी आलं तरी चालेल, असा हिशेब कुणी बोलून दाखवत नाही. तो हिशेब बॉक्सच्या मांडणीतून आपोआप होतो, आणि साऊंडवाला पुढे बसला की त्याला तो दिसतही नाही. म्हणून मला ही तार इतकी मोलाची वाटते. ऐकवणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या जागेवर बसलं पाहिजे, त्यातही ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याच्या शेजारी.

मागून दुसरीही एक गोष्ट दिसायला लागली. ही तार दुहेरी बोलते. मिक्सरवर कुणी हाताने फेडर हलवला की तोही माझ्या पडद्यावर हलतो. एका रात्री तबल्याचा चॅनल हळूहळू वर चढताना दिसला. तबलजी दोन गाण्यांच्या मध्ये हात लांब करून स्वतःला थोडं थोडं वाढवून घेत होते. त्यांचंही खरं होतं. त्यांना स्वतःचा तबला ऐकू येत नव्हता, ऑक्टोपॅड कानाशी वाजत होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे एक छोटा मॉनिटर ठेवला, त्याचा वेगळा फेडर दिला आणि त्यांना सांगितलं, हा तुमचा, हवा तेवढा वाढवा. मंडपातल्या लोकांना तो जात नाही. त्यानंतर तबल्याचा चॅनल जागचा हलला नाही.

टांगलेल्या माईकांचा प्रश्न सगळ्यात मोठा होता, आणि लॅपटॉपचा खरा उपयोग तिथे झाला. पाचही माईक सतत उघडे ठेवायची आमच्याकडे पद्धत. नट कुठेही गेला तरी सापडावा म्हणून. पण उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुटायच्या आधीची मर्यादा ३ डेसिबलने खाली येते. पाचाऐवजी एकच उघडा ठेवला तर जवळपास ७ डेसिबलची मुभा मिळते. मागच्या रांगेसाठी ही मुभा म्हणजे ऐकू येणं आणि न येणं यातलं अंतर.

शहरात नाटकाची तालीम झालेली असते, हालचाली ठरलेल्या असतात. तिथे प्रवेशांची यादी करून एकामागून एक बटण दाबत गेलं की झालं. आमच्याकडे नट रोज वेगळ्या नाटकात, कधी दोन मंडळांत. संहिता प्रॉम्प्टरच्या हातात, तो स्टेजसमोर बसून वाक्य पुरवतो आणि नट ते आपल्या रंगात म्हणतो. विनोदी नट प्रेक्षक हसतात म्हणून प्रवेश लांबवतो. गाण्याला वन्स मोअर येतो. कधी नायकाची गाडी वाटेत पंक्चर होते आणि तो येईपर्यंत लावणी पुढे ओढली जाते. अशा नाटकाला क्रमवार यादी लावली तर दुसऱ्याच प्रवेशात ती मागे पडते.

म्हणून मी क्रम सोडून दिला आणि कीबोर्डच्या बटणांना परिस्थिती वाटून दिल्या. ‘घर’ म्हटलं की मधले दोन. ‘रस्ता’ म्हणजे रस्त्याचा रंगवलेला पडदा पडलाय, नट पुढे येऊन बोलतायत, मागचे सगळे बंद. ‘एकटा’ म्हणजे स्वगत, तेव्हा फक्त मधला एक, आणि तोही जास्तीत जास्त वर. ‘भांडण’ म्हणजे पाचही, पण प्रत्येक थोडा खाली. ‘गाणं’, ‘लावणी’, ‘पडदा’. एकातून दुसऱ्यात जाताना फेडर झटकन उडी मारत नाहीत, साधारण सेकंदभरात सरकतात. त्यासाठी लॅपटॉप मधल्या पायऱ्या पाठवतो. सगळ्या पायऱ्या एकदम ओतल्या तर मिक्सरची आतली जागा भरते आणि काही हुकूम गळतात. म्हणून एका फेडरला सेकंदाला वीसच पाठवायचे आणि आकडा बदलला असेल तरच. कानाला ते सलग वाटतं.

आता सगळे विचारतात, टॅब्लेट आणि वाय-फायवरचे मिक्सर आले, मग ही तार कशाला? मी ते मिक्सर वापरले आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये उत्तम चालतात. पण भरलेल्या मंडपात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, त्यातले कितीतरी वाय-फाय शोधत असतात, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर माणसाच्या अंगातल्या पाण्यात शोषली जाते. राऊटर स्टेजवर, मी पन्नास मीटरवर, मध्ये हजार माणसं. संध्याकाळी जोडलेलं कनेक्शन गर्दी झाल्यावर तुटतं, तेही नेमकं नायिकेच्या मरणाच्या प्रवेशात. तुटल्यावर टॅब्लेटवर चक्र फिरत राहतं आणि हात बांधल्यासारखे होतात. मातीत पुरलेल्या तारेला गर्दीने फरक पडत नाही. नवा डिजिटल मिक्सर घेणाऱ्यालाही मी हेच सांगतो की त्याला नेटवर्क केबलचं तोंड असेल तर मागपर्यंत केबल टाका, वाय-फाय राखीव ठेवा.

विजेचीही एक गोष्ट. डिझेल भरायला, किंवा एक जनरेटर बंद करून दुसरा चालू करायला, रात्रीतून एखाददा अंधार होतो. लोक शांत बसतात, टॉर्च लागतात, कुणी शिट्टी मारतं. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो आणि त्याला सगळं आठवत असतं, कोणता फेडर कुठे, कोणता माईक बंद. मिक्सर पुन्हा चालू होऊन पहिलं उत्तर देतो त्याबरोबर लॅपटॉप त्याला सगळी स्थिती परत पाठवतो. हजारभर हुकूम असले तरी एका सेकंदात जातात. स्टेजपाशी बसलेल्या पोराला एवढंच सांगून ठेवलंय की अॅम्प्लिफायर शेवटी चालू करायचे, म्हणजे बॉक्समधून ठप्पा येत नाही. दिवे लागतात, प्रॉम्प्टर तुटलेलं वाक्य पुन्हा सांगतो आणि नट तिथूनच उचलतो.

रात्र चढते तसा आवाजही बदलतो, हेही मागे बसूनच कळलं. दुपारी तापलेली जमीन रात्री लवकर गार होते, जमिनीलगतची हवा थंड, वरची त्या मानाने उबदार. अशा हवेत आवाज वर निघून जात नाही, वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबवर पोचतो. नऊ वाजता मागे कमी पडणारं सेटिंग पहाटे दोनला मोठं वाटतं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, किंवा मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवशी एकाच गावात दोन-तीन नाटकं लागलेली असतात. तेव्हा शेजारच्या मंडपातला आवाजही असाच वाकून आमच्यात येतो. प्रत्येक जण आपला आवाज वाढवतो आणि तिन्ही मंडपांत कुणालाच नीट ऐकू येत नाही. दोन वाजल्यानंतर मी आता आवाज उतरवत नेतो. शेजारच्या साऊंडवाल्यांनाही मागे बोलावून, तणसावर शेजारी बसवून ऐकवलंय. त्यातल्या एकाने परत जाऊन आपला उतरवला.

गेल्या हंगामापासून आणखी एक केलंय. मंडपाच्या मध्यावर, दोन्ही कडांना, एकेक छोटा बॉक्स. स्टेजवरच्या आवाजाला तिथे पोचायला वेळ लागतो, २० मीटरला जवळपास ५८ मिलिसेकंद. मधल्या बॉक्सने त्याच्या आधी बोलायला सुरुवात केली तर मागच्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मिक्सरमध्ये त्या बॉक्सचा आवाज तेवढा थांबवायचा, थोडा जास्तच, म्हणजे कानाला आवाज नटाकडूनच आल्यासारखा वाटतो. हवेचं तापमान उतरलं की आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदामागे साधारण ०.६ मीटरने घटतो. पहाटेच्या थंडीत हा हिशेब दोनेक मिलिसेकंदांनी सरकतो. तेवढा कानाला कळत नाही, पण लॅपटॉपमध्ये तापमानाचा आकडा टाकला की तो आपला बदलून पाठवतो, म्हणून टाकतो.

मधल्या बॉक्ससाठी गावातल्या आयोजक मंडळाशी बोलावं लागलं, कारण त्या जागेत चार खुर्च्या बसल्या असत्या आणि खुर्चीचं तिकीट महाग. मी अध्यक्षांना म्हटलं, “भाऊ, पहिला अंक माझ्यासोबत मागं बसून बघा.” ते बसले. दुसऱ्या अंकाला उठून पुढे आपल्या खुर्चीवर गेले नाहीत. चार खुर्च्या त्यांनी स्वतःच उचलायला लावल्या, आणि जाताना पोरांना सांगितलं की पुढल्या वर्षी मंडप आखतानाच बॉक्सची जागा सोडा आणि तारेसाठी धुऱ्याकडून चर काढून ठेवा.